बाबांनी पेंडिंग ठेवलेला प्रश्न

बाबा गेले, त्या मिनिटाला मी त्यांच्याशीच बोलत होते.

ते जबलपूरला, मदन महलच्या आमच्या घरात. मी जर्मनीत, व्हिसा वाढवायच्या ऑफिसात.

फोनवर नाही.

वर्षभर हे कुणाला सांगितलं नाही. नवऱ्याला, निखिललाही नाही. आज सकाळी नर्मदेच्या ग्वारीघाटावर वर्षश्राद्ध झालं आणि आता हे माझ्याच्यानं पोटात ठेववत नाही.

बाबा म्हणजे माझे सासरे. चौतीस वर्षं फॅक्टरीत इन्स्पेक्शनला होते. माल बघायचा आणि शिक्का मारायचा. पास नाहीतर रिजेक्ट, मधलं काही नाही. रिटायर झाले तेव्हा सोबत्यांनी गंमत म्हणून 'पास'चा एक शिक्का बनवून दिला होता. भाजी चांगली झाली की ते माझ्या पाककृतींच्या वहीत तो मारायचे.

नोकरी मला लागली होती. वर्क व्हिसा माझा, निखिल आणि आमची लेक मनू माझ्या मागे. बाबांना नेता येत नव्हतं. सासूबाई आधीच गेल्या होत्या. म्हणजे त्या माणसाचं उरलेलं सगळं घर मी उचलून घेऊन चालले होते.

ते एका शब्दानं बोलले नाहीत. उलट व्हिसाच्या इंटरव्ह्यूची तयारी हौसेनं अंगावर घेतली.

जेवणाच्या टेबलापलीकडे साहेब बनून बसले. प्रत्येकाचा वेगळा कागद. आम्ही एकेक करून बाहेरून दार वाजवून यायचं.

शेवटचा प्रश्न ठरलेला. चष्मा काढायचा, फाईलवर उलटा ठेवायचा, पेन्सिल टेबलावर दोनदा आपटायची.

"वापस येणार का? येस ऑर नो?"

(हा प्रश्न खऱ्या इंटरव्ह्यूत कुणी विचारलाच नाही. तो बाबांचा स्वतःचा होता, हे मला फार उशिरा कळलं.)

निखिल म्हणाला, "येस सर." पास.

मनू पाच वर्षांची. ती म्हणाली, "आजोबा, तुम्ही चलून राहिले ना आमच्यासोबत?"

बाबांनी शिक्का तिच्या तळहातावरच मारला. दोन दिवस तिनं तो हात धुऊ दिला नाही.

मग माझी पाळी. सगळी उत्तरं दिली. बाबांनी चष्मा काढला. उलटा ठेवला. टक टक.

माझं 'येस' तयार होतं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि प्रश्न विचारलाच नाही.

"काहून घाबरून राहिली, बेटा? राहू दे. तुझा प्रश्न पेंडिंग."

कागदावर लिहिलंसुद्धा. पेंडिंग.

तीन वर्षं गेली. दर रविवारी फोन. "मी ठीक आहो, तुम्ही आपलं पाहा." आणि आम्ही, "दोन वर्षांत येतोच बाबा." निखिल ते मनापासून म्हणायचा. मी त्याच्या सुरात सूर मिसळायचे.

गेल्या वर्षी व्हिसा वाढवायला गेलो. निखिल आणि मनू बाहेर बाकावर, मी एकटी आत. काउंटरला तरुण बाई. सगळं बोलणं जर्मनमध्ये, माझं मोडकंतोडकं.

कागद संपले. तिनं चष्मा काढला.

फाईलवर उलटा ठेवला.

पेन टेबलावर दोनदा आपटलं.

आणि इंग्रजीत म्हणाली, "विल यू गो बॅक? येस ऑर नो?"

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. आणि तोंडातून निघालं, "नो."

इतक्या सहज, की माझाच माझ्यावर विश्वास बसेना.

तिनं चष्मा घातला आणि पुन्हा जर्मन सुरू. निघताना मी तिला विचारलं, मघाशी इंग्रजीत का बोललात? ती गोंधळून हसली. म्हणाली, मला इंग्रजी येत नाही.

बाहेर आले तर निखिल फोन कानाला लावून उभा होता. त्याचा चेहरा बघूनच कळलं.

तिसऱ्या दिवशी घरी पोचलो. शेजारच्या दुबे भाभी त्या दुपारी ताक घेऊन आल्या होत्या. त्यांनी सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते.

"बाबूजी टेबल पे बैठे थे। सामने की खाली कुर्सी से बात कर रहे थे। चश्मा उतारा, पेंसिल ठक-ठक की, कुछ पूछा अंग्रेज़ी में। फिर चुप। जैसे कोई जवाब दे रहा हो। फिर बोले, अच्छा। चलो। और ठप्पा मारा। मैं गिलास रखके मुड़ी, तो सिर टेबल पे था।"

"किती वाजले होते, भाभी?"

"दो-दस। मुझे स्कूल बस पे जाना था, घड़ी देखी थी।"

माझ्या पर्समध्ये त्या काउंटरवर मिळालेली पावती अजून आहे. तिच्यावर वेळ आहे दहा चाळीस. तेव्हा आपल्याकडे दोन वाजून दहा मिनिटं होतात.

निखिल म्हणाला, एकटे होते, आमची आठवण आली असेल, खेळत बसले असतील. मी मान हलवली.

मग टेबलावरची बाबांची फाईल उघडली. सगळ्यात वर माझा कागद. 'पेंडिंग'वर काट मारलेली. खाली बाबांच्या अक्षरात एकच शब्द. नो.

त्याखाली त्या दिवसाची तारीख आणि शिक्का.

पास.

त्यांना माझं उत्तर कळलं होतं. आणि त्यांनी मला रिजेक्ट केलं नाही. मला भीती वाटायला हवी होती. मी तो कागद छातीशी धरून ओक्साबोक्शी रडले.

निखिल, तू हे वाचशील तेव्हा चिडशील. चीड. पण त्या बाईला मी काय सांगितलं, ते आता तुलाही ठाऊक असू दे.

आज दुपारी घरात कुणी नव्हतं. मी पहिल्यांदा बाबांच्या खुर्चीत बसले. त्यांचा चष्मा फाईलवर उलटा ठेवला. पेन्सिल दोनदा आपटली.

समोरच्या रिकाम्या खुर्चीला विचारलं, "बाबा, वापस येणार का? येस ऑर नो?"



मग एक कोरा कागद घेतला, वर तुमचं नाव लिहिलं, आणि खाली लिहिलं, पेंडिंग.

नमस्कार, बाबा.