एका नगाचा लॉट

"बाबा, तो खाली ठेवा. खाली म्हणजे छतावर. अंगणात नाही."

माझी बायको अंगणात उभी राहून इतक्या जोरात ओरडत होती की शेजारच्या घराचं बांधकाम थांबलं. मिस्त्री हातात थापी धरून वर पाहू लागला. त्याच्याकडची बाई डोक्यावरचं घमेलं तसंच ठेवून उभी राहिली. कडुनिंबावरचे पोपटसुद्धा गप्प झाले, आणि हे पोपट एरवी कोणाच्या बापाला जुमानत नाहीत.

वर गच्चीच्या कठड्याशी माझे वडील. अंगात बनियान, डोक्यावर ओला पंचा, आणि दोन्ही हातांत तिचा नवाकोरा लॅपटॉप, कठड्याच्या पार बाहेर धरलेला.

"बाजूला हो बेटा," बाबा शांतपणे म्हणाले. "ड्रॉप टेस्ट करून राहिलो."

आता हा लॅपटॉप घरात आला कसा आणि गच्चीवर चढला कसा, ते सांगतो. चुकलं कोणाचं, ते तुम्ही ठरवा. मी या घरात तटस्थ आहे. तटस्थ माणसाला बोलणी दोन्हीकडून बसतात, पण चहाही दोन्हीकडून मिळतो.

बाबांचं उभं आयुष्य फॅक्टरीत गेलं, इन्स्पेक्शनला. फॅक्टरीत काय बनतं हे जबलपुरात कोणी कोणाला विचारत नाही; धडाम् आवाज आला की समजतं. बाबांचं काम एकच. मालाचा लॉट आला की त्यातून एक नग काढायचा. तो तापवायचा, हलवायचा, वरून टाकायचा. तो टिकला तर सगळा लॉट पास. बाबा रिटायर झाले, पण ही सवय रिटायर झाली नाही. आमच्या कुकरमध्ये डाळ शिजण्याआधी गिट्टी, म्हणजे रस्त्याची खडी, शिजली आहे. माझं लग्न ठरवायला गेले तेव्हा बाबांनी मुलीकडे पाहिलंच नाही. तिच्या घराच्या दाराची कडी पंचवीस-तीस वेळा लावली, काढली आणि म्हणाले, "कडी पक्की आहे, मुलगीही असेल." त्यांचं निदान बरोबर निघालं हे मी रोज अनुभवतो.

तर ही पक्की मुलगी बड्या फुहाऱ्याच्या बाजारातल्या एका साडीवाल्या शेठजींसाठी कॅटलॉग बनवते. शेठजी साड्यांचे फोटो पाठवतात, ही ते कॉम्प्युटरवर नीट करते, रंग जुळवते, आणि मग जवळच्या पाटन गावच्या बायका घरबसल्या मोबाइलवर पाहून साड्या मागवतात. जुना कॉम्प्युटर भाऊजींनी बांधून दिलेला. भाऊजी म्हणजे ताईचे यजमान. अधारतालला मेन रोडवर त्यांचं दुकान आहे. सुटे भाग आणतात आणि स्वस्तात कॉम्प्युटर जुळवून देतात. आमचा तो जुना सुरू केला की आधी खोलीतला दिवा मंद व्हायचा, मग कोणीतरी खाकरल्यासारखा आवाज यायचा, मग मांजर पळायचं, आणि आमचा चहा पिऊन होईस्तोवर पडद्यावर काहीतरी उगवायचं. हिवाळ्यात त्याच्या मागच्या पंख्यासमोर आम्ही मोजे वाळवत असू. उगाच नावं ठेवणार नाही, मोजे फार छान वाळायचे.

पण त्याच्या पडद्याला मरून रंग दिसत नसे. मरून साडी तो चॉकलेटी दाखवायचा. मग ही बिचारी त्यात लाल टाकत बसायची, पडद्यावर मरून दिसेपर्यंत. तोवर पाटनच्या मोबाइलवर ती साडी पिकलेल्या टमाट्यासारखी लालभडक होऊन पोचलेली असे. एका नवरीच्या आईनं लाल साडी म्हणून मागवली आणि पेटीतून निघाली मरून. ती बाई साडी घेऊन थेट दुकानात आली आणि शेठजींच्या गादीवर जी बसली ती नवी साडी घेऊनच उठली. जुनी परत केली नाही ती नाहीच.

शेठजींनी हिला बोलावून सांगितलं, "बहूजी, पाटन वाले अब मुझे चौराहे पे पकड़ते हैं. सीज़न का कैटलॉग ठीक आया तो ठीक, नहीं तो मैं दूसरा आदमी देख लूँगा."

हे काम तिनं स्वतः मिळवलेलं, स्वतः वाढवलेलं. ते असं एका पडद्यापायी जाणार म्हटल्यावर ती दोन दिवस बचतीचा हिशेब करत बसली. तिसऱ्या दिवशी बाजारात गेली आणि आपल्या कमाईचा तो महागडा लॅपटॉप घेऊन आली. पसंत नाही पडला तर आठवड्याच्या आत परत घेऊ, असं दुकानदार म्हणाला होता. हे वाक्य तिनं घरी सांगितलं, तीच तिची चूक.

संध्याकाळी भाऊजी हजर. मागे हमाल, हमालाच्या डोक्यावर नवा बांधलेला कॉम्प्युटर. बातमी अधारतालला कशी पोचली ते विचारू नका. ताईचा आणि माझा फोन होतो, एवढंच सांगतो.

"वहिनी, घरचं दुकान असताना बाहेर काहून गेल्या?" भाऊजी म्हणाले. "इतक्या पैशांत तर तीन येतात. अंदर सब वही रहता है. झाकण चमकलं म्हणून काय आतली अक्कल वाढते?"

"भाऊजी, मला झाकण नाही, रंग पाहिजे."

"रंग पाहिजे तर टीव्ही घ्या ना."

बाबांनी हात वर केला. "झगडा नको. टेस्ट होईल. टिकला तर ठेवू, नाही तर वापस."

सगळ्यांना पटलं. पण एक गोष्ट कोणी बोललं नाही, कारण ती आमच्याकडे बोलायची नसतेच. जावयाच्या मालाची टेस्ट घेत नाहीत. जावयानं आणलेला फणस आतून सडका निघाला तरी सासरा म्हणतो, वास छान आहे. त्यामुळे टेस्ट एकट्या महागड्याची होणार होती. भाऊजींचा कॉम्प्युटर दिवाणावर शाल अंथरून बसवला, त्याला हळदकुंकू लावलं, आणि शेजारी भाऊजींना शिऱ्याची वाटी देऊन बसवलं. निकाल लागेपर्यंत ते रोज येत होते आणि शिरा रोज होत होता.

पहिली टेस्ट गर्मीची. मे महिना. आमच्या गच्चीवर त्या दिवसांत पापड वाळत नाहीत, तळले जातात. बाबांनी लॅपटॉप भर दुपारी तिथे ठेवला. थोड्या वेळानं त्यानं पडद्यावर लिहून कळवलं की मी फार तापलो आहे, आणि स्वतःच बंद पडला. सावलीत आणताच पुन्हा सुरू. बाबा हरखून गेले. "समझदार आहे," म्हणाले. "आमच्या फॅक्टरीतला माल तापला तर असं सांगत नव्हता."

दुसरी टेस्ट हलण्याची. ती माझ्या नशिबी आली. लॅपटॉप गोधडीत गुंडाळून स्कूटरवर पाटनला जायचं आणि परत यायचं. तो रस्ता कसा होता ते सांगितलं तर तुम्ही मला खोटारडा म्हणाल, म्हणून अर्धंच सांगतो. एका खड्ड्यात मला एक ट्रक भेटला. ड्रायव्हर आत चूल मांडून बसला होता. त्यानं विचारलं, "भैया, बाहेर निवडणूक झाली का?" घरी आल्यावर लॅपटॉप एका बोटात सुरू झाला. माझी कंबर अजून व्हायची आहे.

इथपर्यंत बायकोनं सहन केलं. जीव मुठीत धरून, पण सहन केलं. घरात शांतता हवी होती आणि सीझन जवळ आला होता. गच्चीवरून टाकणार हे मात्र तिला कोणी सांगितलं नव्हतं. टाकायचा नियम खांद्याच्या उंचीचा आहे, असं मी बाबांना म्हटलं होतं. बाबा म्हणाले, "खांदा माणसामाणसाचा वेगळा असतो. भिंत सगळ्यांची एक."

तर ती ओरडली, आणि बाबांनी सोडला.

पडायला त्याला इतका वेळ लागला की तेवढ्यात भाऊजींनी शिऱ्याची वाटी ठेवली, हात धुतले, पुसले आणि बाहेर आले. लॅपटॉप शेजारच्यांच्या रेतीच्या ढिगावर पडला, एक उडी मारली आणि कोपऱ्यावर विटेला लागला. कोपरा करंजीसारखा दुमडला. बायको धावली. तिनं रेती झटकली, झाकण उघडलं, बटण दाबलं. आम्ही सगळ्यांनी श्वास धरला. मिस्त्रीनंही धरला, त्याचा काही संबंध नसताना.

पडदा उजळला.

"चालू है दीदी," मिस्त्री म्हणाला आणि कामाला लागला.

बाबा जिना उतरून आले. त्यांनी लॅपटॉप उलटासुलटा पाहिला, कानाशी धरून हलवला आणि जाहीर केलं, "पास."

बायकोनं हात पुढे केले. बाबांनी लॅपटॉप काखेत घेतला.

"आता दुसरा आण."

"दुसरा कोणता?"

"लॉटमधला. हा तर सॅम्पल होता. टेस्ट झालेला सॅम्पल वापरायला देत नाहीत. आतून काय हललं असेल, सांगता येत नाही. नियम आहे."

"बाबा, लॉट एकाच नगाचा होता."

बाबा विचारात पडले. फॅक्टरीत असा प्रसंग कधी आला नसावा. "मग लॉट टेस्टमध्येच खपला," ते म्हणाले, आणि लॅपटॉप आपल्या लोखंडी कपाटात ठेवून कुलूप लावलं. चावी करदोट्याला.

म्हणजे झालं असं की महागडा पास झाला म्हणून कुलपात गेला, आणि स्वस्ताची परीक्षाच झाली नाही म्हणून तो शालीवर बसून राहिला. पुष्कळ माणसांच्या बाबतीतही असंच होतं, पण तो विषय वेगळा.

"चलो वहिनी," भाऊजी म्हणाले, "आता यावरच करा. सुरू पण लवकर होतो."

मला वाटलं आता ही रडेल, नाही तर भांडेल. तिनं दोन्ही केलं नाही. भाऊजींच्या कॉम्प्युटरसमोर बसली, शेठजींनी पाठवलेला एक फोटो उघडला. मग आत जाऊन तीच साडी घेऊन आली, खरीखुरी, जरीच्या काठाची, मरून.

"बाबा, फॅक्टरीत माल कशाशी जुळवून पाहत होते?"

"सीलबंद नमुन्याशी."

"हा नमुना," तिनं पदर पसरला. "हा माल. पाहा."

बाबा दचकले. "जावईबापूंच्या मालाची टेस्ट..."

"टेस्ट नाही. नुसतं पाहा."

नुसतं पाहायला बाबांना कोण अडवणार. चष्मा पुसला, जवळ गेले. पडद्यावर चॉकलेटी, पदर मरून. त्यांनी एकदा भाऊजींकडे पाहिलं, एकदा साडीकडे, आणि मोठ्या अदबीनं म्हणाले, "जावईबापू, साडी थोडी जास्त मरून आहे."

"लाइट का फ़र्क है, बाबूजी."

ट्यूबलाइट बंद केली. खिडकी उघडली. खिडकीचा पडदा सरकवला. साडी दारात नेली, परत आणली. चॉकलेटी काही हटेना. बाबांच्या कपाळाची शीर उडायला लागली. माल नमुन्याशी जुळत नाही हे दिसत असताना गप्प बसणं त्यांना उपास करण्यापेक्षा जड जातं.

"दुसऱ्यावर कसा दिसतो?" शेवटी ते म्हणाले.

दुसरा त्यांच्याच कपाटात होता. बाबांनी स्वतःच करदोट्याची चावी सोडली, कपाट उघडलं, लॅपटॉप आणून दिवाणावर ठेवला. तिनं तोच फोटो लावला. बाबांनी पदर पडद्याला चिकटवला आणि इतका वेळ पाहत राहिले की साडी कंटाळली असेल.

"जुळतो," ते हळूच म्हणाले.

भाऊजींनी शिऱ्याची वाटी उचलली. ती रिकामी होती, तरी त्यांनी चमच्यानं खरवडली. त्यांची बाजूही मांडतो: त्यांचा कॉम्प्युटर वाईट नाही. पुढे बाबांनीच तो ठेवून घेतला. त्यावर ते बातम्या वाचतात, पत्ते खेळतात, आणि मोजे काही वाळत नाहीत म्हणून कुरकुरतात. ज्याला एवढंच करायचं त्यानं महागड्याच्या नादी लागणं म्हणजे भाजी आणायला हत्ती बांधणं. पण हिला एक मरून हवा होता, आणि तो स्वस्तातल्या तीन कॉम्प्युटरांना मिळूनही दिसला नसता.

बाबांनी लॅपटॉप पुन्हा कुलपात ठेवायला हात पुढे केला. तोवर तिनं चार्जर लावला होता आणि सीझनच्या कॅटलॉगचं पहिलं पान उघडलं होतं.

"बेटा, हा वापरता येत नाही. टेस्टचा नग आहे."

"वापरून नाही राहिले, बाबा. रंगाची टेस्ट चालू आहे."

बाबांचा हात हवेतच थांबला. अर्धवट टेस्टमध्ये हात घालणारा इन्स्पेक्टर त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता, आणि तो पहिला आपण व्हावं अशी त्यांची इच्छा नव्हती. ते खुर्ची ओढून शेजारी बसले आणि टेस्ट पाहू लागले.

कॅटलॉग गेला. पाटनहून एकही साडी परत आली नाही. शेठजींनी पुढच्या सीझनचे फोटो पाठवले, मग त्याच्याही पुढचे. दुमडलेला कोपरा तसाच आहे. बाबा रोज सकाळी अंघोळ करून, चावी हातात घेऊन तिच्या मागे येऊन उभे राहतात.

"झाली का टेस्ट?"

"पिवळा बाकी आहे," ती म्हणते.