एकटा उरलेला दाणा

माझ्या सासरी देवाला विचारल्याशिवाय पान हलत नसे. बी कधी टाकायचे, म्हातारा बैल ठेवायचा की काढायचा, नणंदेला आलेले स्थळ पाहायला जायचे की नाही, सगळे देव्हाऱ्यापुढे जाई. सासूबाई संध्याकाळी दिवा लावत, हात जोडून प्रश्न सांगत आणि ताटलीतल्या तांदळातून चिमूटभर दाणे उचलून सारवलेल्या जमिनीवर ठेवत. मग दोन-दोनच्या जोड्या लावायच्या. सगळे दाणे जोडीने बसले तर देव हो म्हणाला. एखादा एकटा उरला तर नाही म्हणाला. आमच्याकडे याला दाणे पाहणे म्हणत. एकदा विचारले की विचारले. पुन्हा विचारणे म्हणजे देवाला खोटे पाडणे, असे सासूबाईंचे मत होते आणि त्यांच्या मतापुढे सासऱ्यांचेही काही चालत नसे.

सासर सालेकशाच्या पलीकडे, कचारगडच्या डोंगराच्या बाजूला. माहेर मुर्रीला, गोंदियाच्या वेशीवर. स्टेशनपर्यंत पायी आणि पुढे आगगाडी, सकाळी निघालेला माणूस दिवस मावळायच्या आत पोचत असे. पण मला माहेर मुंबई-कलकत्त्याहून लांब वाटे, कारण मधे देव बसलेला होता. माहेरी जाऊ का म्हटले की दाणे. राखीला जाऊ का, दाणे. आणि भाताच्या रोवणीच्या दिवसांत तर देवाने मला एकदाही हो म्हटले नाही. "शेतात हात कमी पडतात हे देवालाही बरोबर कळते," असे मी एकदा भांडी घासताना मुद्दाम मोठ्याने म्हणाले. नणंद फिसकन हसली. सासूबाईंनी ऐकले. पुढे दोन दिवस मला वाढताना पळी ताटावर आपटत होत्या.

मला आई हवी असायची. दुसरे काही नाही. माझी आई घरी बसून विड्या वळायची आणि तिच्या पदराला तेंदूच्या पानांचा वास असायचा. सासरी जंगल जवळ, तेंदूची झाडे हवी तेवढी. उन्हाळ्यात बायका पाने तोडून पुडे बांधत तेव्हा तो वास सगळीकडे येई आणि मी हातातले काम टाकून उभी राही. लग्न होऊन चार-पाच वर्षे झाली, कडेवर मूल आले, तरी ती सवय गेली नाही. लोक म्हणत, मूल झाले की बाई सासरी रुळते. मला तर मूल झाल्यावर आई जास्तच आठवायला लागली.

लढाईचे दिवस होते. इंग्रजांची लढाई कुठे चालली होती ते आम्हांला नीट ठाऊक नव्हते, पण घासलेट मिळेनासे झाले ते बरोबर कळले. संध्याकाळी घरात देवापुढचा जवसाच्या तेलाचा दिवा तेवढा असायचा. अशा एका संध्याकाळी, भर रोवणीत, माझा भाऊ भिजत आला. पाय धुवायच्या आधीच म्हणाला, "मायले बरं नाही. अंगावर सूज आली आहे. रोज तुझंच नाव घेऊन राहिली. न्यायले आलो."

सासूबाई म्हणाल्या, "मी काय सांगू भाऊ? देवाले विचारतो. तो सांगन तसं."

मी दाराच्या आड मुलाला घेऊन उभी होते. त्या आत हात जोडून प्रश्न सांगत होत्या आणि इकडे मीही त्याच देवाला विनवत होते. माझ्याजवळ ना ताटली ना दाणे. नुसते हो म्हण, हो म्हण, एवढेच चालले होते. आयुष्यात इतक्या मनापासून मी काही मागितले नव्हते. सासूबाईंनी दाणे ठेवले, जोड्या लावल्या. शेवटी एक दाणा उरला.

"नाही म्हनते," त्या म्हणाल्या.

मुलीकडच्या माणसाने बोलायची रीत नव्हती. मी मात्र बोलले. "हा देव तुमचा आहे. माझा असता तर माझ्या मायचा विचार केला असता." सासरे ओसरीवर खाकरले. मी न जेवता मुलाला घेऊन पडले आणि भिंतीकडे तोंड करून रडले.

भाऊ पहाटेच निघून गेला. मी उठून इतर बायकांबरोबर बांधीत उतरले. बांधी म्हणजे बांध घातलेला भाताचा तुकडा. पावसाची झिमझिम चालू होती, डोक्यावर पाऊस अडवणारा पानांचा मोरा होता, हातात रोपांची पेंडी होती. बायका गात होत्या, मी रोप चिखलात खुपसत होते, आणि इतक्या रागाने, की बाजूची बाई म्हणाली, "हळू व, धान लावून राहिली का खुट्टा ठोकून राहिली?" मला हसू आले नाही. माझा भाऊ आता कुठवर पोचला असेल एवढाच हिशेब डोक्यात होता.

तेवढ्यात बांधावरून सासूबाई येताना दिसल्या. त्यांचे गुडघे धरलेले, पावसाळ्यात त्या अंगणाबाहेर पडत नसत. निसरड्या बांधावरून एक हात हवेत धरून त्या कशाबशा येत होत्या. दुसऱ्या हाताची मूठ पदरात झाकलेली. जवळ आल्यावर त्यांनी मूठ उघडली. तळव्यावर तांदळाचा अर्धा तुकडा होता.

"हे पाय," त्या म्हणाल्या. "हा दाना नाही. कनी होय."

देवापुढे तुटका तांदूळ चालत नाही. कणी वेचून टाकायची आणि अख्खे दाणे ताटलीत ठेवायचे, हा नियम मला ठाऊक होता, कारण ते वेचायचे काम माझेच. पण पावसाळ्यात धान नीट वाळत नाही, कांडताना फार तुटते, आणि त्या मिणमिणत्या दिव्यात एक कणी राहून गेली होती. विचारून झालेले दाणे सासूबाई सकाळी चिमण्यांना टाकत. तेव्हा उजेडात त्यांना ती दिसली.

"कनी मोजाची नसते," त्या म्हणाल्या. "ते काढली त सगळ्या जोड्या लागते. देवानं रातीच हो म्हटलं होतं. मलेच दिसलं नाही."

"पन रोवना?" मी म्हटले.

"रोवना मी करतो."

त्यांनी लुगडे वर खोचले, धरलेले गुडघे घेऊन चिखलात उतरल्या आणि माझ्या हातातली पेंडी ओढून घेतली. "पायत कायले राहिली? पोराले पाठीशी बांध आन धाव. गाडी सुटन."

मी धावले. रस्ताभर मनात एकच विचार येत होता. ती कणी चिमण्यांपुढे टाकून त्या गप्प बसल्या असत्या तर कोणाला कळले असते? शेतात हात कमी होते, हे खरेच होते. मी ज्या बाईला इतकी वर्षे मनात लबाड म्हणत आले होते, ती देवाशी माझ्यापेक्षा सरळ वागत होती. स्टेशनवर भाऊ बाकावर बसलेला होता. माझे गुडघ्यापर्यंत चिखलाचे पाय पाहून तो उठला आणि त्याने मुलाला माझ्या पाठीवरून सोडवून घेतले.

आई अंथरुणावर होती. चेहरा सुजलेला, डोळे बारीक झालेले. मला पाहून म्हणाली, "आली का व?" जसे काही मी शेजारून आले होते. मी तिच्या पदरात तोंड घातले. कित्येक दिवस विड्या वळल्या नव्हत्या तिने, तरी वास होता.

पुढे वहिनी मला सांगू लागली आणि सांगताना हसू लागली. आईही अंथरुणात पडल्या पडल्या रोज दाणे पाहत होती. लेक येते की नाही, हाच प्रश्न. "पन तुझी माय देवाले सोडते का? नाही आलं की म्हनते, तुझं ध्यान नाही रे बाप्पा, बरोबर पाय. पुन्हा दाने उचलते. हो म्हनेपर्यंत उचलते." मलाही हसू आले. एकाच देवाला एक बाई एकदाच विचारून मान तुकवत होती आणि दुसरी त्याला धारेवर धरत होती. दोघींचाही त्याच्यावर पुरा भरवसा.

मी तिथे जे काही दिवस राहिले, त्यांत विशेष काही घडले नाही. तिचे केस विंचरले. पेज भरवली. मुलगा तिच्या पोटावर बसे आणि ती त्याला चिडवी, "तुझी माय लहानपनी नकटी होती, मालूम आहे का?" माझ्या आयुष्यातले ते सगळ्यांत चांगले दिवस होते असे मी आज म्हणेन, आणि तेव्हाही मला ते माहीत होते.

निघायच्या दिवशी पाय उचलेना. सासूबाई त्या गुडघ्यांनी चिखलात उभ्या असतील, जायला तर हवेच होते. आईच्या उशाशी दाण्यांची वाटी होती. मी ती पुढे ओढली. "माय, दाने पाऊ का? दिवाळीले भेट होते का नाही ते?"

आईने माझे मनगट धरले. "नोको."

"काऊन?"

"मी इतके दिवस त्याले नाही म्हनू देल्लं नाही," ती म्हणाली. "तू एकदाच विचारशीन. आन मंग तो खरं सांगन."

दिवाळीच्या आधीच, धान पिवळे पडत असताना, माहेरचा निरोप घेऊन माणूस आला. सासूबाईंनी त्या दिवशी देवाला काही विचारले नाही. माझ्या हातातून मुलाला घेतले आणि "जा" एवढेच म्हणाल्या.

आता सासूबाई नाहीत आणि दिवा मी लावते. घरातले प्रश्न देवाला विचारते, एकदाच विचारते आणि तो म्हणेल ते ऐकते. एक प्रश्न मात्र रोज ओठांवर येतो, की मेल्यावर तरी आई मला भेटेल का. तो मी अजून विचारलेला नाही. नाही आले तर सोसवणार नाही. आणि हो आले, तर या घरात माझे मन लागायचे नाही.