फटफटीचं भोक मी बुजवलं

हसायचं असंन तं आत्ताच हसून घ्या बाप्पा, मंग मले मधात टोकू नका. फटफटी मीच खोलली आन् मीच बिघडवली, कबूल! पन गुन्हा माह्या एकटीचा नाई. शेवटपर्यंत ऐका, तुम्हालेही पटंन.

तेव्हा आपला जिल्हा नुकताच मुंबई राज्यात गेलता. आमचे हे कापसाचे दलाल. लढाईनंतर फौजेनं विकलेली जुनी फटफटी यांनी घेतलती. गावातली पहिली! तिच्यावर बसून हे सारा मुलूख फिरले. आन् मी? मी घरी.

अशात वडनेरले माह्या भावाच्या पोराचं बारसं निघालं. आत्या मी एकटीच. आत्याबिगर नाव कोन ठेवंन? मी वैनीले निरोप धाडला, "या खेपेस फटफटीवर बसून येतो!"

बारशाच्या आदल्या दिवशी हे म्हणे, "नाई जमत. कार्बोरेटर गेला."

"तो कोन?"

"पेट्रोलचं यंत्र असते. बायकांले नाई समजत ते."

आता सांगा, असं म्हटल्यावर कोन गप बसंन? हे दुपारी जेवून झोपले, मी पाना घेतला. खोलून पाह्यलं तं आत सारं पितळ! अवो, पितळ मले शिकवता? लगन झाल्यापासून दुसरं केलं काय मी? सारं परातीत काढलं, चिंच लावली, राख लावली, असं लखलख केलं का देवघरात ठेवावं. आन् घासता घासता रोगच सापडला. एका बारक्या पितळी नळीले आरपार भोक! गळंन नाई तं काय होईन? फुटक्या घागरीले लावतो तशी लाख पातळ केली आन् भोक पक्कं बुजवलं. मंग सारं जागच्या जागी बसवलं. एक इस्क्रू उरला, तो पदराले बांधून ठेवला.

"उठा, झाली नीट!"

यांनी लाथ मारली. फुस्स! अजून मारली. धोतर सुटायले आलं, पन फटफटी ढिम्म. शेवटी यांनी यंत्र खोललं, लाख पाह्यली आन् कपाळावर हात मारला.

"अवं, त्याच भोकातून पेट्रोल येते! काऊन बुजवलं?"

"गळत होतं म्हून बुजवलं!"

"काई गळत नव्हतं! सकाळीच तं हिंगणघाटाहून आलो मी हिच्यावर, मस्त चालून राह्यलती!"

बोलले आन् यांनी जीभ चावली.

"मस्त चालून राह्यलती? मंग कार्बोरेटर गेला कोन म्हटलं?"

हे फटफटीकडे पाहून पुटपुटले, "तुह्या माहेरचे सारे मले कापसाचा भाव विचारतात. जेवूही देत नाईत."

असा राग आला मले! पन बारसं उद्यावर. हेच नरमाईनं म्हणे, "बैलबंडी जुंपतो. फटफटीही टाकू तिच्यात. मिस्त्री हिंगणघाटले, वडनेर वाटेतच."

"टाका. पन मी फटफटीवरच बसन!"

सकाळी बंडीत फटफटी उभी बांधली आन् फटफटीवर मी. हिरवं लुगडं, नाकात नथ, दोन्ही हातांत हँडल. हे खाली बैल हाकून राह्यले. वडनेरात शिरलो तं सारं गाव गोळा! वैनी बाळाले घेऊन दारात उभी.

मी वरूनच ओरडली, "पाह्य वैनी, आली का नाई फटफटीवर?"

वैनीनं फटफटीकडे पाह्यलं, मंग बैलांकडे.

"आल्या तं खऱ्या बाई! पन हिले पेट्रोल पाजू का कडबा टाकू?"