हळद कोणी लावली?

सुलूबाईंचं आणि माझं पहिल्याच दिवशी वाजलं. दारात चपला काढल्या, बांगड्या उतरवून पिशवीत टाकल्या, कोपरापर्यंत साबणानं हात धुतले आणि मला म्हणाल्या, "आजी, कालपासून बाळाचे किती लंगोट ओले झाले?" माझ्यापेक्षा जेमतेम चार वर्षांनी लहान असलेली बाई मला आजी म्हणते, हे तर झोंबलंच. शिवाय लंगोट कोण मोजत बसतं? पस्तीस वर्षं विमा कंपनीच्या ऑफिसात काढली मी, पण असला हिशेब मला कोणी विचारला नव्हता. माझी सून अनुष्का आतून म्हणाली, "पाच." सुलूबाईंनी मान डोलावली. "ठीक हाय. उद्या सहा पायजेत."

सुलूबाई मूळच्या रत्नागिरीकडच्या. लग्न होऊन आमच्या शेजारच्या पेणकरपाड्यात आल्या, तेव्हा तिथं घरं विरळ होती म्हणतात. नवरा गेल्यावर त्यांनी बाळंतिणींचं आणि बाळांचं काम धरलं. आता आमच्या सिल्व्हर पार्कातल्या कितीतरी इमारतींत त्यांची बाळं आहेत, काही तर दाढीमिशा फुटलेली. त्या त्यांना अजून नावानं हाक मारतात आणि ती पोरं मुकाट्यानं थांबतात.

मला नातीच्या न्हाणाचा सोहळा बघायचा होता. बाई पाटावर पाय लांब करून बसल्या, नडगीवर बाळ पालथं घेतलं. पाण्यात आधी कोपर बुडवलं. नाकात फुंकर नाही, कानात तेल नाही, बेंबीला बोट लावायचं नाही, डोळ्यांत काजळ नाही. मी मध चाटवायचा विषय काढला, तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी बरणी परत कपाटात ठेवली. पण हळदीला त्या नाही म्हणाल्या, तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं.

"आमच्याकडे बाळाला हळद-साय लावतातच," मी म्हटलं.

"बारा दिवस नाय. त्यानंतर काय लावायचं ते लावा."

"का पण?"

"माझा नियम हाय."

नियम म्हणे! माझ्या घरात माझ्याच नातीसाठी नियम. आंघोळ झाली की त्या बाळाला खिडकीशी न्यायच्या, नाकाचा शेंडा बोटानं दाबायच्या, सोडायच्या, रंग बघायच्या. मला ती सगळी मिजास वाटायची. हात मात्र सोन्याचे होते. रडत न्हाणीत गेलेलं पोर बाहेर यायचं ते झोपेतच.

पाचव्या दिवशी आमच्याकडे पाचवीची पूजा असते. पाटावर सुपारी, तांदूळ, नवी वही-पेन्सिल, सगळं मांडलं. अनुष्का दमून झोपली होती. तिची आई गावी आजारी, त्यामुळे पहिलं बाळंतपण इकडेच. म्हणजे माझा अधिकार पक्का. मी वाटीत साय घेतली, चिमूटभर म्हणता म्हणता चांगली चमचाभर हळद कालवली आणि पोरीच्या अंगाला, गालांना, हातापायांना लावली. ओल्या फडक्यानं पुसून टाकली. कशी सोन्यासारखी दिसत होती! सुलूबाईंवर मात केल्याचा आनंदही झाला, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुलूबाईंनी दुपटं उघडलं आणि थांबल्या.

"हे काय?"

"हळद," मी हसून म्हटलं. "पाचवी होती ना काल."

त्या ओरडल्या नाहीत. बाळाला उचलून खिडकीशी नेलं. "लंगोट किती?" त्यांनी मोठ्यानं विचारलं. अनुष्का आंघोळीला गेली होती; चालू नळामागून ती कचरतच म्हणाली, "दोनच. पीतच नाही नीट. सारखी झोपते." सुलूबाईंनी बाळाचा खालचा ओठ हलकेच खाली ओढला, हिरड्या बघितल्या. मग पापणी वर केली. मग पायाचा तळवा उताणा केला.

"आजी, तळव्याला हळद लावलीत?"

"नाही. तळव्याला कशाला लावू?"

"मग हा पिवळा कशानं झाला?"

मी वाकून बघितलं. तळवा पिवळा होता. त्यांनी तो अंगठ्यानं दाबला, सोडला. पिवळाच. तरी माझं तोंड गप्प बसेना. "अहो, होते थोडी कावीळ बाळांना. कोवळ्या उन्हात ठेवू. सोमवारी दाखवायचंच आहे. आणि अजून दहा दिवस झाले नाहीत, सुवेरात बाळाला बाहेर..."

"उन्हानं भागायचं नाय आता. आणि सोमवार लांब हाय." अनुष्का बाहेर आली तेव्हा सुलूबाई बाळाला दुपट्यात गुंडाळतच होत्या. "अनुष्का, फाइल घे. कौस्तुभला फोन कर, हॉस्पिटलात ये म्हणावं. मी रिक्षा बघते."

आणि माझी परवानगी न घेता ती बाई माझी नात घेऊन जिना उतरली. खाली रिक्षावाला मीटर, ट्रॅफिक काहीतरी बोलायला लागला, तर त्याला म्हणाल्या, "भैया, बच्चा सीरियस है, बात बाद में." तो गुमान निघाला. रिक्षात अनुष्का रडत होती, बाळाला पाजायचा प्रयत्न करत होती. सुलूबाई बाळाच्या टाचेवर टिचक्या मारून तिला जागं ठेवत होत्या. मी हळूच विचारलं, "तुमचा हळदीवर एवढा राग का?"

त्या बाहेर बघत म्हणाल्या, "काशीगावात एक मुलगी हाय, पिंकी. अठरा वर्षांची झाली. तिला मीच हळद लावायची, रोज. पिवळी दिसायची, सगळे म्हणायचे हळदीचा रंग चढलाय. मीपण म्हणायची. मग तिला झटके आले. जगली, पण तिला ऐकू येत नाय."

मग त्यांनी पुन्हा बाळाच्या टाचेवर टिचकी मारली.

हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी बाळाची कावीळ एका नजरेत ओळखली. टाचेतून रक्त घेतलं. काविळीचा आकडा विसाच्या वर होता. त्यांनी दुपटं सोडलं आणि काखेत, मानेच्या वळीत राहिलेली हळद त्यांच्या बोटाला लागली.

"ही हळद कोणी लावली?" त्यांची नजर सरळ सुलूबाईंवर गेली. "तुम्ही मालीशवाल्या बायका कधी सुधारणार? हळदीखाली कावीळ दिसत नाही, एवढंही कळत नाही? उद्यापर्यंत थांबला असतात तर रक्त बदलायची वेळ आली असती."

सुलूबाईंनी एकदा माझ्याकडे बघितलं. मी फॉर्मवर बाळाच्या आईचं नाव लिहीत होते. फार मन लावून लिहीत होते.

"बाळाला आधी दिव्याखाली ठेवा," त्या डॉक्टरीणबाईंना म्हणाल्या. "मग मला काय बोलायचं ते बोला."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती मी तिथं उभं राहून बघितली. सुनेची भीती वाटली, दुसरं काही नाही. काचेपलीकडे डोळ्यांवर पट्टी बांधलेलं ते एवढंसं पोर निळ्या उजेडात पडलेलं होतं, आणि अनुष्का म्हणत होती, "माझंच दूध कमी पडलं, आई. माझ्यामुळे झालं." मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. तेव्हाही बोलले नाही.

तीन दिवसांनी आकडा उतरला, नात घरी आली. कानांची तपासणीही नीट झाली. सुलूबाई नेहमीप्रमाणे आल्या, बांगड्या काढल्या, लंगोट विचारले. मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. ते मला शिव्यांपेक्षा जड गेलं. दरम्यान माझ्या चिरंजीवांनी, कौस्तुभनं, सोसायटीच्या ग्रुपवर लिहून टाकलं होतं की मालीशवाल्या बायकांना बाळाला हळद लावू देऊ नका, आमच्यावर बाका प्रसंग आला होता. मी चार वेळा उत्तर टाइप केलं आणि चारही वेळा पुसलं.

बाराव्या दिवशी बारसं. नाव संचिता ठेवलं. खालच्या मजल्यावरची नेहा आठव्या महिन्याचं पोट सांभाळत आली होती. तिनं आपल्या बाळंतपणासाठी सुलूबाईंना आधीच सांगून ठेवलं होतं. पाळण्याशी उभी राहून ती हळूच म्हणाली, "मावशी, आम्ही दुसरी बाई बघतोय. राग नका मानू. कौस्तुभदादाचा मेसेज वाचला ना, सासूबाई घाबरल्यात."

सुलूबाई म्हणाल्या, "बरोबर हाय. बाळाच्या बाबतीत घाबरावंच." आणि पाळण्याची दोरी ओढत राहिल्या.

माझ्यानं राहवेना. "हळद मी लावली," मी म्हणाले. आवाज जरा मोठाच निघाला. सगळ्या बायका वळल्या. "यांनी नाही म्हटलं होतं. मी यांच्या पाठीमागे लावली, आणि ओरडा यांनी खाल्ला. यांनी तळवा बघितला नसता तर आज बारसं नसतं. अनुष्का, तुझ्या दुधात काही कमी नव्हतं गं."

अनुष्का माझ्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत काय होतं ते सांगत नाही, मला ते सोसायचंच होतं. मग ती तोंडावर पदर धरून आतल्या खोलीत गेली.

बायका पांगल्यावर मी सुलूबाईंची माफी मागितली. त्या बांगड्या चढवत होत्या.

"माझं काय घेऊन बसलात, आजी. सुनेला सांगितलंत ते बरं केलंत," त्या म्हणाल्या. "पिंकीच्या आईला सांगायला मला आठ वर्षं लागली. आठ वर्षं ती बाई सगळ्यांना सांगत होती, माझ्याच दुधात खोट होती म्हणून. आणि मी तिच्या घरी बसून ते ऐकत होते."