दाजींच्या गाडीतून काढलेला पंप

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनच असेल. आणि तरी हात थांबतोय. दाराची कडी वाजली की कागद उलटा करतो.

नऊ वर्षं झाली. मी भोसरीतल्या एका वर्कशॉपात फिटर आहे, तेव्हाही होतो. थोरली बहीण तळेगाव दाभाड्यात दिलेली. तिचे यजमान, आमचे दाजी, चाकणला कंपनीत. त्यांच्याकडे वडिलांच्या हातची जुनी टू-स्ट्रोक मोटारसायकल होती. इंजिनाचा ब्लॉक झिजलेला, धूर फार मारायची. दाजी माणूस साधा. गाडी नीट चालावी, एवढंच त्यांना हवं होतं.

वेग मला हवा होता.

पुण्यात एकाने मातीच्या ट्रॅकवरची रेस सोडली, त्याचं सामान मी स्वस्तात विकत उचललं — रेसचा ब्लॉक, पिस्टन, मोठा कार्बोरेटर, पोट फुगलेला सायलेन्सर. ड्यूटीला न्यायच्या, मागे बायको बसवायच्या गाडीत हे घालायचं नसतं. मला माहीत नव्हतं का? होतं. तीन रविवार खपून मी ते बसवलं. पहिल्यांदा किक मारली तेव्हा गल्लीतली माणसं घराबाहेर आली, आणि मला वाटलं, आपण कोणीतरी आहोत.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. टू-स्ट्रोकच्या इंजिनात पेट्रोलबरोबर तेलही जावं लागतं, नाहीतर पिस्टन कोरडा पडतो. दाजींच्या गाडीत तेलाची वेगळी छोटी टाकी होती. एक पंप त्यातून आपोआप तेल सोडायचा. रेसवाले हा पंप काढून टाकतात आणि तेल मोजून पेट्रोलमध्येच मिसळतात. मीही पंप काढला. पहिल्या टाकीत तेल स्वतः मिसळून दिलं. मग दाजींना सगळं समजावलं — सुरुवातीला अ‍ॅक्सिलरेटर फार पिळू नका, आवाजाला घाबरू नका, क्लच हळू सोडा. तेलाचं तेवढं सांगायचं राहिलं.

राहिलं. किती सोपा शब्द आहे हा.

पुढे एका रविवारी दाजी आणि ताई आमच्याकडे जेवायला निघाले. जुन्या हायवेवर, देहूरोडच्या अलीकडे, सकाळी अकराच्या सुमारास पिस्टन जाम झाला. मागचं चाक जागच्या जागी अडकलं. दाजींचं खरचटण्यावर निभावलं. ताई उजव्या कोपरावर पडली. मागच्या टेम्पोवाल्याने वेळेत ब्रेक दाबला, म्हणून माझी बहीण आज आहे.

मी दवाखान्यात धावत गेलो. आणि पहिलं काय विचारलं असेल मी? "गाडी कुठंय?"

मला भीती होती, कोणीतरी ती उघडेल. ताई आत कण्हत होती, बाहेर माझ्या डोक्यात पंप. दाजी बाकावर बसले होते, फाटक्या शर्टात. म्हणाले, "असं कसं झालं रे, भावा?"

तेव्हा मी म्हणालो, "पेट्रोलमध्ये तेल टाकत होता ना, दाजी? मी सांगितलं होतं. पहिल्याच दिवशी."

ते माझ्याकडे बघत राहिले. आता म्हणतील, नाही सांगितलंस. पण ते खाली बघून म्हणाले, "सांगितलं असशील. माझ्याच डोक्यात राहिलं नाही."

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. धीर दिला मी त्यांना — हो, मी!

ताईच्या कोपरात धातूची पट्टी आणि स्क्रू घातले. हात पुरता सरळ होत नाही. वेणी घालताना मान गुडघ्यांपर्यंत वाकवते. दाजींनी आपण होऊन तिला सांगितलं, चूक माझी. वडिलांची गाडी त्यांनी भंगारात दिली. त्या दिवसापासून ताई त्यांच्या मागे बसलेली नाही. लग्नाला जायचं असलं तरी ही बसने, ते स्कूटरवर. कधी चिडली की म्हणते, "साधं तेल टाकायचं होतं, तेवढंही जमलं नाही." मी तिथेच असतो, चहा पीत.

इथवर आलो. पण खरं ते अजून सांगितलेलं नाही. पुढचं लिहायला दोन दिवस लागले.

मी विसरलो होतो, हे खोटं नाही. पण त्या रविवारच्या आधी, गुरुवारी, जेवणाच्या सुट्टीत दाजींचा फोन आला होता. चारपाच सोबती भोवती होते. त्यांच्यापुढे मी त्या इंजिनाच्या बढाया मारत होतो. म्हणून फोन स्पीकरवर टाकला. "जयभीम, भावा!" दाजींचा आवाज आला. "काय गाडी केलीस राव! दोनदा थोडंथोडं पेट्रोल भरलं, तेलाची टाकी भरलेलीच. तेलच खात नाही आता!"

मला कळलं. त्याच क्षणी कळलं. एकच वाक्य हवं होतं — दाजी, गाडी बंद ठेवा. पण सगळे ऐकत होते. कोणीतरी म्हणालं, "मानलं बुवा तुला." आणि मी हसून म्हणालो, "हात कुणाचा लागलाय, दाजी!"

संध्याकाळी फोन करू म्हटलं. केला नाही. शुक्रवारी केला नाही. रविवारी जेवायला येणारच आहेत, तेव्हा बाजूला घेऊन सांगू, म्हटलं. कशावर बसून येणार आहेत, हे मला ठाऊक होतं.

दाजींना तो फोन आठवेल, ही भीती नऊ वर्षं माझ्या पोटात आहे. त्यांनी "तुला आठवतं का रे" अशी सुरुवात केली की मी हातातलं ठेवून ऐकतो. बहुतेक वेळा गोष्ट पावसाची निघते, नाहीतर कोणाच्या तरी लग्नाची.

गेल्या महिन्यात त्यांच्याकडे जेवायला होतो. त्यांच्या कंपनीतला एकजण अशीच जुनी गाडी नीट करतोय म्हणे. दाजी सहज म्हणाले, "तो म्हणतो, तिला तेलाचा पंप असतो. आपोआप सोडतो. आपल्या गाडीला नव्हता का रे?"

ताई वाढायचं थांबली.

"पंप आधीपासूनच खराब होता, दाजी," मी म्हणालो. "तेव्हाच बोललो होतो तुम्हाला."

"असेल बाबा," ते म्हणाले. "माझंच डोकं."

ताईने डाव्या हाताने माझ्या ताटात आमटी वाढली. मी आणखी भात मागून घेतला आणि पोटभर जेवलो.