हळदीकुंकवात फुटलेली गोष्ट

अन्याय झाला तो माझ्या धाकट्या बहिणीवर, यंदा, १९९४च्या एप्रिलमध्ये, दहावीची परीक्षा संपली त्याच आठवड्यात. मल्लेश्वरममधल्या तिच्या शाळेने पुढे काय शिकायचं ते ठरवायला एकेका मुलीला समुपदेशक बाईंकडे पाठवलं. बाई आपल्यातल्या, पिढ्यान् पिढ्या बेंगळुरात मुरलेल्या मराठी घरातल्या. समोर ‘अक्का’ म्हणून हाक मारता येते, घरच्या भाषेत बोलता येतं, म्हणून बहीण मोकळी झाली. तिला पॉलिटेक्निकला मेकॅनिकल करायचं होतं, पीण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात यंत्रावर उभं राहायचं होतं. अण्णांना, म्हणजे आमच्या वडिलांना, निकाल हातात आल्यावर ती स्वतः सांगणार होती. तोवर कुठे बोलू नका, एवढंच तिने मागितलं. बाई ‘सरी’, म्हणजे बरं, म्हणाल्या.

त्याच शनिवारी नात्यात चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. आंब्याची डाळ खाता खाता बाईंनी सगळ्यांदेखत आईला विचारलं, लेक कारखान्यात जाणार म्हणे? लगेच एकजण म्हणाली, “मग जावईही लेथवरच शोधा.” बायका हसल्या. आई हसली नाही. घरी येऊन तिने अण्णांना सांगितलं आणि बहिणीने तोंड उघडायच्या आत ठरूनही गेलं, कॉमर्स. पॉलिटेक्निकचा अर्ज अण्णांनी आणूच दिला नाही.

मी बाईंना जाब विचारायला गेले. मी का चिडलेय तेच त्यांना कळेना.

“अगं, आपल्या मुलीचं तिच्याच आईला सांगितलं. परक्यांत बोलले का मी?”

शाळेत बाईंच्या त्याच खोलीत बहिणीच्या कन्नड मैत्रिणीनेही पॉलिटेक्निकचंच सांगितलं होतं. तिची गोष्ट मात्र गुपित राहिली, कारण तिची आई त्या हळदीकुंकवाला नव्हती. तिने घरी आपल्या वेळेला, आपल्या तोंडाने सांगितलं. आज ती पॉलिटेक्निकला जाते. याला काय आपलेपणा म्हणायचं?

मुलाने विश्वासाने सांगितलेलं मुलाचंच असतं. जिवावर बेतत असेल तर गोष्ट वेगळी, आणि तेव्हाही आधी त्याला सांगून. एवढं ज्याला जमत नाही त्याने त्या खुर्चीत बसूच नये. माझी बहीण आता कॉमर्सला जाते आणि काहीही विचारलं तरी ‘काही नाही’ म्हणते.

तुम्ही पालक असाल तर याच आठवड्यात शाळेत जा. मुलगी काय बोलली ते विचारू नका. ती जे बोलेल ते समुपदेशक तिच्या परवानगीशिवाय तुम्हालाही सांगणार नाहीत, असं मुख्याध्यापकांकडून लिहून घ्या.