जावयाचा टर्बो

माझा भाऊ वीरभद्र कुणालाही तोंडावर 'न्हाई' म्हणायचा. जळकोटात उदगीर रोडला त्याचं गॅरेज हाय, गॅरेजच्या मागं आमचं घर. कोण किती बी मोठा गडी येऊ द्या, काम मनाला पटलं न्हाई की हा म्हणणार, "न्हाई होत, फुडं जा," आन् पाठ फिरवून चहा पीत बसणार. असला फटकळ माणूस जावयापुढं मांजर झाला. त्या मांजरपणापायी आमच्या घरावर अजून काय काय येणार हाय ते मला ठाव न्हाई. इतकं मात्र ठाव हाय की आलेलं समदं गेलेलं न्हाई.

मी शरणम्मा, त्याची थोरली बहीण. नवरा गेल्यावर माहेरी आले ती इथलीच झाले. वीरभद्राची बायको गेली तवा त्याची लेक शिवानी रांगत होती. तिला मीच न्हाऊमाखू घातलं, मीच मारलं, मीच जवळ घेतलं. म्हणून कुणी म्हणलं, 'शरणम्मा, तुझं काय जातंय मधी बोलायला,' तर त्याचं थोबाड फोडीन मी.

वीरभद्राचं काम टर्बोचं. नांदेडला एका दुकानात शिकला, ऐन उमेदीची वर्षं तिथंच घातली. मला अडाणीला त्यानं एकदा चुलीपुढं बसून समजावलं होतं. "अक्का, तू फुंकणीनं फुंकतीस तवा जाळ का भडकतो? वारा मिळतो म्हणून. टर्बो म्हंजे इंजिनाची फुंकणी. इंजिनाच्या धुरावर एक चक्र फिरतं, त्याच दांडीवर पल्याडच्या टोकाला दुसरं चक्र असतं, ते इंजिनात वारा कोंबतं. वारा जास्त, डिझेल जास्त, की ताकद जास्त."

मी म्हणलं, "आन् लई फुंकलं तर?"

"तर घर जळतं," म्हणला आन् खदाखदा हसला.

ट्रॅक्टरवाले त्याच्याकडं यायचे ते इंजिनाच्या उचलीसाठी. उसाच्या भरल्या दोन ट्रॉल्या चढाला लागल्या की ट्रॅक्टर दम खातो, रेस दिली तरी ताकद यायला वेळ लागतो. वीरभद्र धुराकडच्या चक्राचं घर लहान बसवायचा, जादा धूर सोडून देणाऱ्या झडपेची दांडी आखूड करायचा, पंपाचा स्क्रू जरा फिरवायचा. मग पाय ठेवला की ट्रॅक्टर पुढं झेप घ्यायचा. पर त्याचं एक होतं. इंजिनाचं वय बघून वारा वाढवणार, आन् फिल्टर काढणार न्हाई. पोरांना ती शिट्टी पाहिजे असती ना! फिल्टर काढून टर्बोचं तोंड उघडं ठेवलं की लांबून कानाला भोक पाडणारी शिट्टी येती. लोहा गावचा एक बागायतदार त्यासाठी अडून बसला, तर ह्यानं त्याचा पाईप रस्त्यावर भिरकावला. "उघड्या तोंडानं झोपणाऱ्याच्या तोंडात माशी जाती," म्हणला, "आन् ह्याच्या तोंडात काय जाईल त्याचा नेम न्हाई."

मग शिवानीची सोयरीक झाली.

दोन कोसांवरच्या गावातले गुरुबसप्पा आमच्याच समाजातले, नाव असलेलं घर. त्यांचा मन्मथ दिसायला देखणा, बोलायला गोड. कारखान्याला ऊस वाहायचा. शिवानीला पसंत, मग आम्हाला का म्हून नसावा? फक्त सबूर न्हाई पोराला. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! सोयरिकीचं कुंकू लावून महिना झाला नसंल, लग्न अजून लांब, तवर ट्रॅक्टर घेऊन दारात.

"मामा," म्हणला, "तुमचा जावई मी, आन् माझा ट्रॅक्टर चढाला रडून राहिला. लोक हसतात."

वीरभद्रानं बॉनेट उघडलं, तेल बोटावर घेऊन पाहिलं. "इंजिन थकलंय, जावईबापू. थोडंसंच वाढवू."

"थोडंसं नको मामा. ट्रकचं मोठं चक्र बसवा. आन् फिल्टर काढा. गावात शिरलो की कळलं पाहिजे, वीरभद्र मिस्त्रीचा जावई आला."

मी दारात उभी. आता भाऊ पाना फेकतोय म्हणून वाटच बघत होते. आन् हा म्हणला, "बघू."

त्या दिवशी मी ताट वाढलं न्हाई, आधी त्याला बोलले. "बघू म्हंजे काय रे? लोह्याच्या माणसाला हाकललंस, ह्याला का न्हाई?"

"अक्का, जावई पहिल्यांदा काही मागायला आला. पहिल्याच मागण्याला न्हाई म्हणलं तर उद्या त्या घरात माझ्या पोरीला ऐकून घ्यावं लागंल. तुझ्या बापाला एवढं जमलं न्हाई, म्हणतील."

"ऐकून घेईल. तोंडानं माणूस मरत न्हाई."

त्यानं पाणी पिऊन तांब्या ठेवला. "तुला काय कळतंय त्यातलं," म्हणला. जावई दहावा ग्रह असतो म्हणतात, ते काय उगं म्हणत न्हाईत.

त्यानं ते काम केलं. लातूरच्या भंगारातून ट्रकचा टर्बो आणला, चक्र घासूनपुसून तोल धरून बसवलं. झडपेची दांडी आखूड केली, पुन्हा आखूड केली. वाऱ्याच्या पाईपाचं तोंड बॉनेटच्या बाजूला उघडं काढलं. मन्मथ शेजारी उभा राहून, "अजून मामा, अजून थोडं," करत होता. शेवटी ट्रॅक्टर चालू केला. आधी गुरगुर, मग रेस दिली तशी शिट्टी चढत गेली. परड्यातल्या गाईनं दावं ओढलं. मन्मथ टाळ्या पिटून नाचला. वीरभद्र मात्र मान खाली घालून ऐकत होता. त्याचा चेहरा मी बघितला, आन् शिव शिव! आईला शेवटचं दवाखान्यातून आणलं तवा त्याचं तोंड असंच झालं होतं.

"काय झालं रे?"

"काय न्हाई. नीट हाय."

नीट असलं तर माणूस जेवत का न्हाई? त्यानंतर रस्त्यानं ती शिट्टी आली की ह्याचा घास हातातच राहायचा. शिट्टी ऐकू यायची, जवळ यायची, पुलाकडं निघून जायची, आन् मग हा घास तोंडात घालायचा. दर दोन दिवसांनी फोन करायचा, "जावईबापू, फिल्टर पाठवलाय, तेवढा बसवून घ्या." तिकडून हसून उत्तर, "हाव मामा, फिकीर नका करू." फिल्टर त्यांच्या ओसरीत खुंटीला टांगलेला मीच डोळ्यांनी पाहिला.

तो पाहिला पोळ्याला. व्याह्यांनी आम्हा तिघांना बोलावलं होतं. आता त्या गावात बैलं राहिलीत किती? वेशीपासून मारुतीपर्यंत मिरवणूक निघती, पुढं बैलजोड्या आन् मागं ट्रॅक्टर. ट्रॅक्टरलाही झूल, हार, फुगे. मन्मथची आई मल्लम्मा, भोळी बाई, हौसेनं उदगीरहून मोठा हार आणला होता. झेंडूचा, पर तारेत ओवलेला, मधी चमकीचे गोंडे. तिनं पूजा केली, नारळ फोडला आन् हार बॉनेटवर आडवा घातला. कुणाच्या मनात वाईट न्हाई. देवाच्या नावानं घातलेल्या हारात वाईट कोण बघतंय?

घरातली तीन लेकरं मडगार्डवर बसली. शिवानी बायकांत माझ्यापाशी उभी. मन्मथनं आम्हाला बघून जोरात रेस दिली. शिट्टी चढली, लोक ओरडले, "आला रे आला!" तेवढ्यात हाराचं टोक त्या उघड्या तोंडाकडं सरकलं. वारा ओढत होता त्याला. बघता बघता अख्खा गोंडा आत गेला.

कडाड असा आवाज झाला आन् शिट्टी फाटली. नळीतून पांढरा धूर, इतका की पुढची बैलं दिसंनात. इंजिन आपोआप वर वर चढायला लागलं. मन्मथनं पाय काढला तरी चढतंय, चावी काढली तरी चढतंय! नंतर वीरभद्रानं सांगितलं, तारेनं चक्र तुटलं, दांडीची सील गेली, आन् इंजिन डिझेल सोडून आपलंच तेल प्यायला लागलं. असलं इंजिन चावीला ऐकत न्हाई. एक तर फुटतं, न्हाईतर त्याचा वारा बंद करावा लागतो.

मन्मथला पळता बी येईना. पाय क्लचवर, आन् सोडला तर पुढं बैलं आन् माणसं. पोरगं पांढरंफटक पडून नुसतं "मामा! मामा!" करत होतं.

वीरभद्र धावला. "लेकरं काढा!" एवढंच ओरडला. लोकांनी लेकरं ओढून घेतली. ह्यानं खांद्यावरचं उपरणं गोळा करून त्या तोंडात कोंबलं. उपरण्याबरोबर हात बी आत गेला. मी बघत होते. त्यानं हात मागं घेतला न्हाई, उलट खांदा लावून आत दाबून धरला. इंजिन दोनदा खोकलं आन् बंद पडलं.

एवढं शांत झालं की बैलाच्या घुंगराचा आवाज आला. मग शिवानी किंचाळली.

उदगीरच्या डॉक्टरांनी हात वाचवला, उजव्या हाताची तीन बोटं न्हाई वाचली. दांडीत केसाएवढी ढिलाई असली तरी त्या बोटांना कळायची. दवाखान्यात गुरुबसप्पा पायाशी बसून रडले. मन्मथनं हात जोडले, म्हणाला, "मामा, पुन्हा न्हाई." माझा बी राग तवाच विरघळला. लेकरूच ते, असं वाटलं. आता वाटतं, तवाच कान धरून विचारायला पाहिजे होतं, पुन्हा काय न्हाई?

कारण त्या धुराचा व्हिडिओ समद्या मोबाईलवर फिरला. ट्रॅक्टर पंचक्रोशीत गाजला, जळ्ळं मेलं त्यांचं कौतुक! गॅरेजला माणसं यायला लागली, जखम बघायला न्हाई, "तसला टर्बो बसवा" म्हणायला. वीरभद्र डावा हात हलवून हाकलायचा. तवा मला बरं वाटायचं. म्हणलं, आला माझा भाऊ जाग्यावर.

लग्न मार्गशीर्षात, आमच्या दारात. जंगम स्वामींनी लावलं, अक्षता पडल्या, जेवणं उठली. लेकीला वाटे लावायची वेळ झाली. मी शिवानीची ओटी भरत होते, आन् पुलाकडून शिट्टी ऐकू आली.

माझ्या हातातले तांदूळ सांडले. वीरभद्र पाहुण्यांना पान देत होता, तो तसाच थांबला. ट्रॅक्टर मांडवापुढं आला, फुगे लावलेला, हारांनी झाकलेला. मन्मथच्या दोस्तांनी लातूरच्या कुठल्या मिस्त्रीकडून परत तेच बसवून आणलं होतं, वरातीसाठी. "मामा, ह्या वेळी नवं चक्र हाय," मन्मथ बाशिंग सावरत म्हणाला, "काय होत न्हाई." उघडं तोंड तसंच उघडं. आन् नवरीनं बसायचं कुठं, तर त्याच बाजूच्या मडगार्डवर, गादी टाकून.

मी भावाचा सदरा धरला. "आता म्हण. आता तरी न्हाई म्हण, वीरभद्रा. मांडव मोडला तर मोडू दे!"

त्यानं तोंड उघडलं. पुढं गुरुबसप्पा हात जोडून उभे, मल्लम्मा सुनेला घेऊन निघायच्या गडबडीत, समदा गाव बघतोय. शिवानीनं बापाकडं पाहिलं, बराच वेळ पाहिलं. बापानं मान खाली घातली. मग तीच म्हणाली, "आत्त्या, राहू द्या. माझ्यापायी तमाशा नको." आन् शालू गोळा करून चढून बसली.

माझ्या लेकरानं बापाचं 'न्हाई' गिळलं हो, पहिल्याच दिवशी.

वीरभद्र गॅरेजात गेला. मला वाटलं, रडायला गेला. बाहेर आला तो काखेत एक फळकुट घेऊन, ताटाएवढं, जाड, त्या उघड्या तोंडावर दाबता येईल असलं. सरळ ट्रॅक्टरपाशी गेला आन् दोन बोटांच्या हातानं बॉनेटवरचे समदे हार ओढून खाली टाकले. मल्लम्माचं तोंड वाकडं झालं, कुणीतरी हसलं, कुणी म्हणलं, मिस्त्रीचं डोकं फिरलंय. त्यानं कुणाकडं बघितलं न्हाई. पाईपाच्या तोंडाशी, लेकीच्या पायाजवळ जाऊन उभा राहिला.

बँड वाजायला लागला. मन्मथनं स्टिअरिंगवर बसून रेस दिली, शिट्टी चढली. ट्रॅक्टर हलला तसा माझा भाऊ बाजूनं चालायला लागला, डोळे त्या भोकावर आन् फळकुट दोन्ही हातांत धरलेलं.

मी मागं धावले. "अरे, दोन कोस हाय! कुठवर चालत जाणार हायस?"

"पोचवून येतो, अक्का," म्हणला, आन् मागं वळून बघितलं न्हाई.